रामजन्माचा पाळणा आणि रथाची दोरी

चैत्राचे ऊन तापू लागले, की आमच्या बालपणी शेजारच्या घरातून एक लहानशी कागदी पुडी येत असे. ती आणणारी मुलगी उंबऱ्याशी उभी राहून एवढेच म्हणे, "आईने सुंठवडा दिलाय." आमची आई ती पुडी दोन्ही हातांनी घेई, क्रूसाची खूण करी आणि आम्हां भावंडांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवी. सुंठेचा झणका, खोबऱ्याचा खमंगपणा आणि पिठीसाखरेची गोडी एकाच वेळी जिभेवर येई. नाताळात त्याच उंबऱ्यावरून आमच्या करंज्यांचे ताट उलट दिशेने जात असे. त्या देवघेवीचा अर्थ आम्हांला तेव्हा कोणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही.

पुढे सेमिनरीतले शिक्षण झाले, दीक्षा मिळाली, निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा घडली. तेथे अनेकदा एक प्रश्न कानी आला : "फादर, शेजाऱ्यांकडे रामजन्माचा पाळणा आहे, जावे का?" असा प्रश्न विचारणाऱ्याला त्या सणाविषयी काय ठाऊक आहे, हे विचारले तर उत्तर बहुधा 'सुट्टी असते' एवढेच मिळे. ज्या समाजात आपण पिढ्यान् पिढ्या नांदतो, त्याच्या देवजन्माच्या सोहळ्याची आपल्याला इतकी तोकडी ओळख असावी, याची आम्हांला खंत वाटते. म्हणून हा सण कसा साजरा होतो आणि महाराष्ट्रात त्याला कोणता इतिहास आहे, हे येथे थोडक्यात मांडीत आहोत. त्या इतिहासात नाशिकचे एक कठीण पान आहे. तेही उलगडल्यावाचून ही ओळख पुरी होणार नाही.

माध्यान्हीचा जन्म

गुढीपाडव्याला, म्हणजे चैत्र शुद्ध प्रतिपदेला, रामाचे नवरात्र बसते. नऊ दिवस मंदिरातून रामायणाचे वाचन, प्रवचन, भजन आणि कीर्तन चालते. नवव्या दिवशी रामजन्म. आपल्या प्रभूच्या जन्माचा सोहळा आपण मध्यरात्री करतो. कृष्णजन्मही श्रावणातल्या अष्टमीच्या मध्यरात्री होतो. रामाचा जन्म मात्र भर दुपारचा. पुनर्वसू नक्षत्रावर, कर्क लग्नावर राम जन्मला, असे वाल्मीकीने बालकांडात सांगितले आहे, आणि माध्यान्हीची ती वेळ आजही मंदिरामंदिरांतून काटेकोरपणे पाळली जाते.

या सोहळ्याचा प्राण म्हणजे जन्माचे कीर्तन. सकाळी दहाच्या सुमारास कीर्तनकार उभे राहतात. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात कथा लागते. निपुत्रिक दशरथाचे दुःख, ऋष्यशृंगाच्या हातून झालेला पुत्रकामेष्टी यज्ञ, अग्नीतून प्रकटलेला पायसाचा कलश, तीन राण्यांत झालेली त्याची वाटणी, अशी पायरीपायरीने कथा चढत जाते. कीर्तनकाराचे एक लक्ष कथेकडे आणि दुसरे घड्याळाकडे असते. कौसल्येच्या महालापाशी कथा यायला आणि बाराचे ठोके पडायला एकच गाठ पडली पाहिजे, यातच त्याचे कसब. ती गाठ पडली, की मंदिरात फुले आणि गुलाल उधळला जातो, टाळ, घंटा आणि शंख एकदम निनादतात, आणि सजविलेल्या पाळण्याची दोरी ओढली जाते.

पाळण्यात काय असते? कोठे रामाची लहानशी मूर्ती, तर अनेक ठिकाणी कुंची घातलेला एक नारळ. तान्ह्या बाळाच्या डोक्याला वारा लागू नये म्हणून जी कुंची घालतात, तीच. ही कल्पना आम्हांला फार हृद्य वाटते. विश्वाचा धनी म्हणून ज्याला भजायचे, त्याला वाऱ्यापासून जपायचे. पाळणे म्हणण्याचा मान स्त्रियांचा. घरच्या बारशाला पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत बाळाचे कोडकौतुक गाणारे जे पाळणे म्हटले जातात, त्याच घाटाचे पाळणे येथे रामासाठी असतात. मग आरती होते आणि प्रसाद म्हणून सुंठवडा वाटला जातो. सुंठ, सुके खोबरे, खसखस, वेलदोडा, साखर हे त्याचे जिन्नस. सुंठ ही बाळंतिणीला द्यायची वस्तू. देवाच्या घरी बाळंतपण झाले, म्हणून तोच पदार्थ साऱ्या गावाने खायचा. आमच्या आईने तळहातावर ठेवलेल्या त्या चिमटीचा अर्थ हा होता.

काही घरी दिवसभर उपवास करून दशमीला पारणे सोडतात, तर काही ठिकाणी जन्म झाल्यावर महाप्रसाद होतो. तपशील गावोगाव बदलतात. पाळणा मात्र सर्वत्र असतो.

महाराष्ट्रातील परंपरा

रामकथा मराठीत घरोघर पोचविण्याचे मोठे श्रेय संत एकनाथांचे. त्यांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले आणि गावबा या शिष्याने ते पुरे केले, असे परंपरा सांगते. रामनवमीच्या उत्सवाला मात्र विशेष बळ दिले ते समर्थ रामदासांनी. त्यांचा स्वतःचा जन्म जांब या गावी १६०८ साली चैत्र शुद्ध नवमीलाच झाला. नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे त्यांनी तपश्चर्या केली. पुढे १६४८मध्ये साताऱ्याकडील चाफळ येथे त्यांनी राममंदिर उभारले, आणि तेथील रामनवमीचा उत्सव समर्थ संप्रदायाचा मोठा मेळावा ठरला. मठामठांतून रामजन्माची प्रथा पसरली.

शिर्डीची हकीकत आणखी निराळी आहे. तेथे १८९७पासून उरूस भरू लागला, आणि तो रामनवमीच्याच दिवशी. १९१२पासून त्याच दिवशी रामजन्माचा पाळणा आणि कीर्तन होऊ लागले. साईबाबा तेव्हा हयात होते. ते राहत ती जागा म्हणजे एक पडकी मशीद. तिलाच ते द्वारकामाई म्हणत. तेथे दुपारी पाळणा हलू लागला, संध्याकाळी मुसलमान भाविकांची संदलची मिरवणूक निघू लागली, आणि दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच अंगणात घडल्या. एका गावाने ठरविले तर सणाचे दार किती रुंद होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

अगदी अलीकडील काळात रामजन्म घराघरांत नेला तो आकाशवाणीने. ग. दि. माडगूळकर यांनी लिहिलेले आणि सुधीर फडके यांनी संगीत दिलेले गीतरामायण पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झाले. तो रामनवमीचा दिवस होता. दर आठवड्याला एक, अशी ५६ गीते पुढल्या रामनवमीपर्यंत ध्वनिक्षेपित झाली. रेडिओला भिंती अडवीत नाहीत. ज्यांनी कधी मंदिराची पायरी चढली नव्हती, अशा किती तरी ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतून ती गीते ऐकली गेली. आमच्या वडिलांच्या पिढीतील अनेकांना त्यांतील चाली पाठ होत्या.

नाशिकचा रथ

रामनवमीचे वैभव पाहायचे, तर नाशिकला पंचवटीत जावे. वनवासात राम येथे राहिला, अशी श्रद्धा असल्यामुळे येथील प्रत्येक दगडाला एक कथा आहे. काळ्या पाषाणाचे भव्य काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी बांधविले. मूर्तीही काळ्या पाषाणाची, म्हणून काळाराम. मंदिराभोवती दगडी तट असून चार दिशांना चार दरवाजे आहेत. वाचकांनी हे चार दरवाजे ध्यानात ठेवावेत.

पाडव्यापासून येथे वासंतिक नवरात्र चालते. नवमीला दुपारी बारा वाजता जन्म होतो, आणि दोन दिवसांनी, कामदा एकादशीला, रथयात्रा निघते. पुढे गरुडरथ आणि मागे उत्सवमूर्ती असलेला रामरथ. जाड, लांब दोरखंडांनी तालमीतले गडी हे रथ ओढतात. त्या वर्षी सेवेचा मान असलेले पुजारी बुवा रामरथाकडे तोंड करून, हात जोडून, उलट्या पावलांनी चालतात. देवाकडे पाठ होऊ नये हा त्यामागचा भाव. दारोदारी रांगोळ्या आणि औक्षण होते. गोदावरीच्या काठी मूर्तींना अवभृतस्नान घातले जाते आणि रात्री उशिरा रथ परततात.

आम्ही एका चैत्रात हा सोहळा रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिला. एका वृद्ध गृहस्थांनी आमच्या गळ्यातला क्रूस पाहिला, आणि काही न बोलता स्वतः सरकून आम्हांला सावलीत जागा करून दिली. रथ जवळ आला तेव्हा त्यांनी दोरीला नुसता हात लावून तो कपाळाला टेकविला. ओढण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. स्पर्श एवढेच त्यांना हवे होते. त्या क्षणी आमच्या मनात १९३० सालचा चैत्र आला.

१९३०

रामजन्माची कथा ज्यांच्या घरीही सांगितली जात होती, जे रामाचे नाव घेऊनच एकमेकांना भेटत होते, अशा लाखो माणसांना त्या काळी या चार दरवाजांतून आत जाण्याची मनाई होती. कारण एकच, त्यांची जात अस्पृश्य मानली गेली होती. १९२७मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. १९२९मध्ये पुण्याला पर्वतीच्या मंदिरासाठी सत्याग्रह झाला. त्यानंतर नाशिकच्या मंडळींनी काळाराम मंदिराचा प्रश्न हाती घेतला. सत्याग्रह समितीच्या कामात दादासाहेब गायकवाड आणि अमृतराव रणखांबे हे आघाडीवर होते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मोठी सभा झाली आणि हजारोंची शिस्तबद्ध मिरवणूक मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले होते. मिरवणूक गोदावरीच्या काठी गेली. तेथे पुन्हा सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या चारही दरवाजांवर बसू लागल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया. बाहेर सत्याग्रही बसले होते, म्हणून आतल्या भाविकांनाही दर्शन मिळेना. दुसऱ्याला अडविण्यासाठी लावलेली कडी आपल्यालाही कोंडते, हे त्या दरवाजांनी दाखविले.

देशभर ते दिवस भारलेले होते. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. त्यानंतर तीनच दिवसांनी, ९ एप्रिलला, नाशिकच्या रथाचा दिवस होता. मंदिर नाही, तर निदान रथाची दोरी तरी दोघांनी मिळून ओढावी, अशी तडजोड ठरली. दोन्ही बाजूंचे धट्टेकट्टे तरुण रथ ओढणार होते. हजारो लोक जमले. परंतु अस्पृश्य तरुणांचा हात दोरीला लागण्यापूर्वीच रथ पळविण्यात आला. दगडांचा वर्षाव सुरू झाला. एक तरुण पोलिसांचे कडे फोडून रथापर्यंत पोचला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. खुद्द बाबासाहेबांवरही दगड आले. सहकाऱ्यांनी छत्र्यांचा आडोसा धरला, तरी त्यांना थोडी इजा झालीच.

हे सर्व कोणाच्या उत्सवात घडले, याचा विचार मन अस्वस्थ करतो. ज्या रामाची ही यात्रा, त्याच्या कथेत गुह नावाचा निषाद आहे. नदीकाठच्या त्या माणसाला राम आलिंगन देतो. त्याच कथेत शबरी आहे. रानातल्या त्या वृद्धेचे आतिथ्य तो स्वीकारतो, आणि तिची उष्टी बोरे त्याने गोड मानली, असे लोकपरंपरा सांगते. कोणत्याही कीर्तनात हे प्रसंग आले, की श्रोत्यांचे डोळे पाणावतात. कथेत पाणावणारे डोळे रस्त्यावर कोरडे कसे राहिले? हा प्रश्न बाहेरच्याने हिंदू समाजाला विचारायचा नाही. तो त्याच समाजातल्या विवेकी माणसांनी तेव्हाही विचारला होता, आणि स्पृश्यांतील काही जण सत्याग्रहींच्या बाजूला उभेही राहिले होते.

सत्याग्रह पुढे १९३४पर्यंत राहून राहून चालू राहिला. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाची चळवळ थांबविण्याविषयी आपले मत कळविले. मूर्तिपूजेने आपल्या लोकांचा उद्धार होईल असे त्यांना कधीच वाटले नव्हते. लोकांत जागृती आणि बळ यावे, यासाठी हा मार्ग त्यांनी घेतला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातल्याच येवला गावी त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ज्यांना दोरीला हात लावू दिला नाही, त्यांनी त्या रथाची वाटच सोडली.

दरवाजे उघडले

काळ थांबला नाही. १ मे १९४७ रोजी पंढरपूरला साने गुरुजींनी विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभिले आणि १० मे रोजी ते सुफळ झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. आज काळाराम मंदिराच्या कोणत्याही दरवाजातून कोणीही आत जाऊ शकतो. कायद्याने दार उघडते. मन उघडण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.

आपले अंगण

हे वाचून आपल्यापैकी कोणाच्या मनात स्वतःविषयी समाधान डोकावले असेल, तर ते तेथेच आवरावे. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली आणि हिंदूंच्या सार्वजनिक उत्सवांवर बंदी घातली, तेव्हा हे सारे ख्रिस्ताच्या नावाने चालले होते. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे १८७२ साली उभ्या राहिलेल्या चर्चमध्ये दोन जातींना दोन बाजूंना बसता यावे अशी रचना होती. मधली भिंत १९१०मध्ये पाडली गेली. एकाच वेदीवरचा एकच प्रभू, आणि त्याच्यासमोर गुडघे टेकणाऱ्यांमध्ये भिंत! २०१६मध्ये भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेत अस्पृश्यतेचे आचरण अजून आढळते, हे कबूल केले. ही कबुली देण्यास धैर्य लागते. पण ती द्यावी लागली, हेही तितकेच खरे. आपल्या धर्मग्रामांतही सोयरीक जुळविताना 'मुलगा कोणत्या समाजातला?' हा प्रश्न शुभवर्तमानाच्या आधी विचारला जातो, हे आम्ही मुलाखतीच्या खोलीत बसून अनेकदा ऐकले आहे. गोठ्यापाशी पहिले बोलावणे रानात राहणाऱ्या मेंढपाळांना गेले होते. गोठा सजविताना हे आपण विसरत नाही, सोयरीक जुळविताना विसरतो.

असो. "फादर, पाळण्याला जावे का?" या प्रश्नाकडे पुन्हा वळू. आमचे उत्तर असे : आपली श्रद्धा आपल्या जागी दृढ ठेवून, शेजाऱ्याने आपुलकीने बोलावले तर अवश्य जावे. कडेला बसून कीर्तन ऐकावे, बाराच्या ठोक्याला घरधनिणीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहावा. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्याचा अव्हेर करू नये, असे सांगितले आहे. ते शेवटी अशाच लहान पायवाटांनी आचरणात येते. आणि जाताना नाशिकच्या त्या चैत्राची आठवण असू द्यावी. ती शेजाऱ्याला टोचण्यासाठी नव्हे. आपल्या नाताळच्या गोठ्यापाशी, आपल्या मेजवानीच्या पानाला, आपल्या घरच्या लग्नाला कोण येऊ शकत नाही, हे तपासून पाहण्यासाठी.

शेजारची ती मुलगी आता आजी झाली आहे. गेल्या चैत्रात आम्ही गावी गेलो असता तिची नात पुडी घेऊन आली. आई आता नाही. आम्ही उंबऱ्याशी जाऊन, आई घेत असे तशीच, दोन्ही हातांनी ती पुडी घेतली. सुंठेचा झणका तोच होता.